गाडी ठोकली गेली, आता विम्याचा क्लेम कसा करायचा?

पॉलिसीची पीडीएफ मोबाइलमध्ये कुठेतरी पडलेली असते आणि ती पहिल्यांदा नीट उघडली जाते बंपर रस्त्यावर लोंबत असताना. तेव्हा वाचायला वेळ नसतो आणि डोकंही ठिकाणावर नसतं. म्हणून पहिल्यांदाच क्लेम करणाऱ्यांसाठी ही सगळी वाट क्रमाने मांडतो. विषय एवढाच: भारतात नोंदणी झालेली खासगी कार, तिचं अपघातात झालेलं नुकसान आणि ते विमा कंपनीकडून भरून घेणं. माणसांच्या दुखापतीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते. ते प्रकरण वेगळं आणि वकिलाशिवाय त्यात उतरू नये.

त्याआधी पॉलिसीच्या पहिल्या पानावर एक गोष्ट बघून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. तुमच्या स्वतःच्या गाडीचा पत्रा त्यात येत नाही. त्यासाठी पॉलिसीवर ‘ओन डॅमेज’ हा भाग असावा लागतो, एकत्रित पॅकेज पॉलिसीत किंवा स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी म्हणून. नव्या गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा मिळतो, ओन डॅमेज मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. ‘तीन वर्षांचा विमा आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेले बरेच जण दुसऱ्या वर्षी इथेच फसतात.

अपघाताच्या जागी

इंजिन बंद करा, हॅझर्ड लाइट लावा आणि आधी माणसं बघा. कोणी जखमी असेल तर ११२ किंवा १०८, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला उपचार मिळतील हे बघणं, जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत कळवणं आणि विमा कंपनीला माहिती देणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये सांगितली आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबून मार खा, असं कायदा म्हणत नाही. तशी सवलत त्याच कलमात आहे. पण मग तिथून थेट पोलीस ठाणं गाठायचं, घर नव्हे.

माणसं सुखरूप असतील तर फोटो काढायला लागा. बहुतेक जण फक्त चेपलेल्या भागाचा जवळून फोटो काढतात आणि तो कुठल्याही गाडीचा असू शकतो. नंबर प्लेट आणि नुकसान एकाच चौकटीत दिसेल असा एक फोटो हवाच. मग चार पावलं मागे जाऊन रस्ता, दुभाजक, ब्रेकचे वळ, काचांचा सडा, दुसऱ्या गाडीची नंबर प्लेट, सगळं येईल असे दोन-तीन. डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या आकड्याचाही काढा. वाहतूक अडली असेल तर आधी फोटो, मग गाडी बाजूला.

आता दोन चुका, ज्या पॉलिसीतल्या अटींमुळे महाग पडतात. दोन्ही अटी प्रमाणित पॉलिसीत छापलेल्या असतात, कोणी वाचत नाही इतकंच.

पहिली: ठोकलेली गाडी तशीच चालवत नेणं. दुरुस्तीआधी गाडी चालवल्यामुळे नुकसान वाढलं तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी, असं अट स्पष्ट सांगते. पुढून धडक बसली, रेडिएटर फुटला, कूलंट गळतंय, तरी ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून गाडी रेटली आणि इंजिन तापून बसलं, तर बंपर आणि रेडिएटरचे पैसे मिळतील, इंजिनाचे मिळणं कठीण. गाडीखाली काहीही ओघळताना दिसलं तर सेल मारायचा नाही, टोचन लावायचं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीलाही हाच नियम. पाणी शिरलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला गेल्यामुळे ते निकामी झालं, तर कंपनी त्याला अपघाताचं थेट नुकसान मानायला तयार नसते आणि इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर नसेल तर भांडायलाही फारशी जागा उरत नाही. गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेण्याचा खर्च साध्या पॉलिसीत १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर आधी त्यांनाच फोन करा.

दुसरी: जागेवरच मांडवली. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही आणि पैसे द्यायचेही नाहीत, अशी अट असते. समोरचा तावातावाने ‘लिहून दे’ म्हणतो आणि घाबरलेला माणूस कागदावर सही करून मोकळा होतो. उद्या समोरच्याने नुकसानभरपाई मागितली तर तोच कागद तुमच्या आणि कंपनीच्याही विरोधात उभा राहतो. नाव, मोबाइल, गाडीचा नंबर, विमा कंपनीचं नाव यांची देवाणघेवाण करा. चूक कोणाची, हे तिथे ठरवायचं नाही.

पोलिसांत जायचं का?

खांबाला घासली, पार्किंगमध्ये भिंतीला लागली, कोणाला इजा नाही, दुसऱ्याचं नुकसान नाही: अशा वेळी बहुतेक कंपन्या एफआयआर मागत नाहीत. दुखापत, मृत्यू, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, ठोकून पळालेलं वाहन किंवा मोठी मोडतोड असेल तर मात्र पोलिसांत नोंद हवीच आणि पंचनामा झाला असेल तर त्याची प्रतही. एफआयआर घेत नसतील तर निदान स्टेशन डायरीतली नोंद करून तिचा क्रमांक घ्या.

कंपनीला कळवणं आणि ते चार ओळींचं वर्णन

त्याच दिवशी कळवा, ॲपवर, टोल फ्री नंबरवर किंवा ईमेलने. फोनवर कळवलं तरी एक ईमेल टाकून ठेवा, पुढे तारीख सिद्ध करायला तोच कामी येतो. हॉस्पिटलच्या धावपळीत उशीर झाला असेल तर कारण लिहून कळवा. खऱ्या कारणामुळे झालेल्या उशिरासाठी क्लेम यांत्रिकपणे फेटाळू नका, असं विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना २०११ मध्येच बजावलं आहे. क्लेम नंबर मिळाला की तो फोटो आणि कागदांच्या फोल्डरच्या नावातच टाका.

क्लेम फॉर्ममध्ये ‘अपघात कसा झाला’ अशी एक चौकट असते. अर्ध्या मिनिटात खरडलेल्या या चार ओळींवर सगळा क्लेम उभा असतो, कारण सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला आलेला माणूस, त्या ओळी हातात धरून गाडीभोवती फिरतो. ‘कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला, गाडी ठोकली’ एवढं लिहून भागत नाही. कशाला ठोकली? कुठल्या बाजूने? वेग साधारण किती? याऐवजी असं लिहा: ‘सकाळी साडेनऊला सर्व्हिस रोडवरून जाताना डावीकडून दुचाकी अचानक आत आली. तिला वाचवायला उजवीकडे घेतलं तेव्हा गाडीची पुढची उजवी बाजू दुभाजकावर आदळली. बंपर, उजवा हेडलाइट आणि फेंडरचं नुकसान झालं. दुचाकीला धक्का लागला नाही.’ हे वाचून सर्व्हेअरला चित्र दिसतं आणि खुणा जुळतात.

याच संधीत मागच्या दाराचा जुना ओरखडाही उरकून घेऊ, असा मोह सगळ्यांना होतो. गॅरेजवालेही सुचवतात. पण जुन्या ओरखड्यात धूळ बसलेली असते, गंज धरलेला असतो आणि समोरून बसलेल्या धडकेने मागचं दार चेपत नाही हे सर्व्हेअरला न सांगता कळतं. तो तेवढा भाग कापतोच, शिवाय बाकीच्या यादीकडेही संशयाने बघायला लागतो.

गाडी कोण चालवत होतं, हे खरंच लिहा. लायसन्स नसलेल्या पुतण्याच्या जागी काकांचं नाव टाकणं ही सरळ फसवणूक आहे. वैध लायसन्स नसणं, दारू पिऊन चालवणं, खासगी गाडी भाड्याने चालवणं ही क्लेम नाकारण्याची ठरलेली कारणं आहेत.

कागद

आरसी, पॉलिसी, चालकाचं लायसन्स, भरलेला क्लेम फॉर्म, केवायसीचे कागद, रद्द केलेला चेक आणि लागू असेल तर पोलिसांची नोंद. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले चालतात.

गाडी जुनी विकत घेतली असेल तर इथे थांबून पॉलिसीवरचं नाव बघा. गाडी हस्तांतरित झाली की थर्ड पार्टी विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो, ओन डॅमेज आपोआप जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावं लागतं. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर, अशा स्थितीत अपघात झाला तर क्लेम कोणालाच मिळत नाही: त्याची गाडी नाही आणि तुमचा विमा नाही.

गॅरेज आणि सर्व्हेअर

कंपनीच्या नेटवर्कमधल्या गॅरेजात गाडी नेली तर कॅशलेस: मंजूर रक्कम कंपनी गॅरेजला देते, उरलेली तुम्ही. दुसऱ्या गॅरेजात नेली तर आधी सगळं बिल तुम्ही भरायचं आणि मग कंपनीकडून घ्यायचं. दोन्हीकडे पहिला नियम एकच: सर्व्हे होईपर्यंत गाडी खोलायची नाही. आधी गॅरेजने एस्टिमेट द्यायचं, मग सर्व्हेअरने पाहायचं, मग पाना लागायचा.

वाहनाच्या बाबतीत ५०,००० रुपये आणि त्यावरच्या क्लेमसाठी परवानाधारक सर्व्हेअर नेमणं सक्तीचं आहे. लहान क्लेम कंपनीचा माणूस पाहतो किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओवरून निकालात निघतो. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. गाडी गॅरेजात महिनाभर नुसती उभी असेल तर फोनवर विचारपूस करण्याऐवजी या मुदती ईमेलमध्ये लिहून जाब विचारा. फरक पडतो.

सर्व्हेच्या वेळी शक्यतो स्वतः हजर राहा. वाद होतो तो ‘बदलायचं की दुरुस्त करायचं’ यावर. गॅरेजला नवा पार्ट टाकण्यात रस, सर्व्हेअरला ठोकून सरळ करण्यात. चेपलेला फेंडर डेंटिंगने नीट होतो, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण बंपरचे लॉक तुटलेत, हेडलाइटची पकड मोडली आहे, चॅसीला मार आहे, अशा ठिकाणी सुरक्षिततेचं कारण दाखवून बदलाचा आग्रह धरा. बंपर काढल्यावर मागे आणखी मोडतोड सापडली तर काम तिथेच थांबवून पुरवणी सर्व्हे मागा. परस्पर बदललेला पार्ट बिलात दिसला तरी मंजूर होईलच असं नाही. जुने काढलेले पार्ट अंतिम तपासणी होईपर्यंत गॅरेजला टाकू देऊ नका. सर्व्हे अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागितली तरच मिळते.

बिल २९,०००, मिळाले १९,०००: हे कसं?

सर्वांत जास्त तक्रारी इथून सुरू होतात, तेव्हा एक कल्पित बिल घेऊन बसू. गाडी साडेतीन वर्षांची, साधी पॉलिसी, झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नाही, कर बाजूला ठेवू.

प्लास्टिकचा बंपर ८,००० रुपये. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे पार्ट वापरून जुना झाल्याची कपात, म्हणून मंजूर ४,०००. पत्र्याचा फेंडर ४,०००. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयावर चालतो आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो २५ टक्के, म्हणून ३,०००. हेडलाइट ६,०००, तोही प्लास्टिकमध्ये धरला तर ३,०००. मजुरी ५,००० पूर्ण मिळते. पेंटिंगचं एकत्र बिल ६,०००; त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे ७५० वजा, मंजूर ५,२५०. बेरीज २०,२५०. त्यातून सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यापुढे २,०००. लहान गाडी धरू. हाती १९,२५०, खिशातून ९,७५०.

काचेवर घसारा नाही, हे लक्षात असू द्या. विंडशील्डचे पैसे कापले असतील तर कारण विचारा. झीरो डेप असतं तर घसारा वाचला असता, वजावट मात्र तरीही गेली असती. हप्ता कमी व्हावा म्हणून तुम्ही ऐच्छिक वजावट स्वीकारली असेल तर तीही यात जोडली जाते. पॉलिसी ऑनलाइन घेताना ती आपण निवडली होती, याची आठवण बऱ्याच जणांना याच टप्प्यावर येते. ऑइल, कूलंट, नट-बोल्ट हे कन्झ्युमेबल्स साधारणपणे तुमच्याच खात्यात.

क्लेम करावा की नाही?

एस्टिमेट हातात आलं की दुरुस्ती सुरू करण्याआधी हा हिशेब करा. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेज हप्त्यावर नो क्लेम बोनस मिळतो: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो.

समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि सध्या तुमचा बोनस ३५ टक्के आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळून ५,५०० भराल. केला तर पूर्ण १०,०००. पहिल्याच वर्षी ४,५०० चा फरक. गंमत अशी की तो तिथे थांबत नाही. बोनस पुन्हा एकेक पायरी चढत जातो आणि तोवर पुढच्या वर्षांत ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० असा फरक पडत राहतो. हप्ता तेवढाच राहिला आणि पुन्हा क्लेम झाला नाही असं धरलं, तर एकूण १२,०००. म्हणजे या माणसाने ५,००० रुपयांसाठी क्लेम करणं हा तोट्याचा सौदा, आणि वरच्या उदाहरणातले १९,२५० सोडणंही तितकंच चुकीचं. बोनस प्रोटेक्शनचं जादा कव्हर असेल तर गणित बदलतं. मधली रक्कम असेल तर माझा कौल खिशातून भरण्याकडे, कारण उरलेल्या वर्षात दुसरा मोठा अपघात होणार नाही याची हमी नसते आणि काही झीरो डेप पॉलिसींमध्ये वर्षाला दोनच क्लेम मिळतात.

चूक समोरच्याची असेल तरीही बोनस जातो. अन्याय वाटतो, पण बोनस चूक न केल्याचा नसून क्लेम न घेतल्याचा आहे. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून तुमच्या गाडीचं नुकसान मागता येतं, पण त्यासाठी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. किरकोळ नुकसानीसाठी कोणी तो रस्ता धरत नाही.

गाडी ‘टोटल लॉस’ झाली तर

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर छापलेल्या गाडीच्या विमा मूल्याच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त जात असेल तर गाडी टोटल लॉस धरली जाते आणि वजावट काढून आयडीव्ही मिळतो. हप्ता वाचवायला आयडीव्ही खाली ओढला असेल तर त्याची किंमत इथे मोजावी लागते. कर्ज बाकी असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. गाडी पूर्ण मोडीत निघाली असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सांगाडा कोणी विकत घेऊन गेला असेल तर आरसी रद्द झाल्याचा किंवा हस्तांतराचा कागद हाती आल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका. तुमच्या नावाचा नंबर उद्या कुठल्या गाडीवर फिरेल, सांगता येत नाही.

कंपनीने नकार दिला किंवा पैसे कापले तर

तोंडी नकार ऐकून घेऊ नका. पॉलिसीतल्या कुठल्या अटीखाली नकार, ते लेखी मागा. रक्कम पटत नसेल तर ‘पूर्ण व अंतिम’ असा मजकूर असलेल्या व्हाउचरवर डोळे झाकून सही करू नका. करावीच लागली तर ‘हरकत राखून’ असं सहीजवळ लिहा आणि त्याच दिवशी ईमेल करा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तिथे काही हाललं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा आदेश लोकपाल देऊ शकतात आणि कंपनीला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पण तिथे किंवा कोर्टात तेच प्रकरण आधीच दाखल केलं असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हाच क्रम ठेवा.